यातलं आपल्या घरातलं काय काय?

थिएटरातले दिवे लागले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि दिग्दर्शकाने सवयीप्रमाणे शेजारच्या खुर्चीतल्या आईला विचारलं, "यातलं आपल्या घरातलं काय काय?"

"ते यान म्हणजे माझी पिठाची चाळणी," आई म्हणाली. "वादळ परातीत केलंस. आणि राक्षसाचा डोळा म्हणजे साखरेच्या डब्याचं झाकण. तरीच म्हटलं, डब्याला मुंग्या कशा लागल्या."

पहिल्या सिनेमापासून हे असंच चाललं होतं. पोराने कापसाचे ढग केले, मिठाचा बर्फ पाडला, पातेल्यात समुद्र उसळवला. भलेभले तोंडात बोटं घालायचे. आईला मात्र पडद्यावर आपली भांडी दिसायची. बक्षिसांनी त्याचं कपाट भरलं, तरी आपल्या तोंडून 'फसले' एवढं ऐकायला त्याचा जीव तळमळतो, हे काय तिला कळत नव्हतं? पण खोटं बोलायचं कसं? ते तिला कधी जमलंच नाही.

आणि हा तर त्याचा शेवटचा सिनेमा. तसं त्याने जाहीरच करून टाकलं होतं.

"शेवटचा म्हणून तरी जरा डोकं लढवायचं होतंस," गाडीत बसताना ती म्हणाली. "फारच सोपा होता रे." बोलली खरी, आणि लगेच तिलाच वाईट वाटलं. तो आपला गालातल्या गालात हसत गाडी चालवत राहिला. थोड्या वेळाने तिचा डोळा लागला.

त्याने उठवलं तेव्हा बाहेर अंधारलं होतं. दारातला दिवा गेलाय, हात धर, असं म्हणत त्याने तिला सांभाळून आत नेलं आणि स्वयंपाकघरात आणून सोडलं. आईला हायसं वाटलं. कानतुटका कप फळीवर होता, शेगडीमागचा तेलकट डाग जागच्या जागी होता. फक्त वर्षानुवर्षं टपटपणारा नळ गप्प होता.

"नळ दुरुस्त केलास वाटतं? किती वर्षं मागे लागले होते मी."

"केला असं समज," तो म्हणाला. "चहा टाकतेस?"

सिनेमाला नावं ठेवली, निदान चहा तरी चांगला पाजू, असं मनात म्हणत तिने पातेलं नळाखाली धरलं. नळ सोडला. पाण्याचा थेंब नाही. दुरुस्ती कसली करतात हे लोक, असं पुटपुटत तिने नळाला एक चापट मारली, तसा नळ भिंतीसकट हलला.

भिंतीपलीकडे कुणीतरी खुदकन हसलं. तिने भिंतीवर टिचकी मारून पाहिली. पोकळ प्लायवूड वाजलं.

"आई," मागून पोराचा आवाज आला, "यातलं आपल्या घरातलं काय काय?"

तिने कपाकडे पाहिलं, डागाकडे पाहिलं, आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

"मीच तेवढी," ती म्हणाली. "फसले रे बाबा."