पळणारा बाण

निवृत्त नर्स असलेली आई आपल्या वॉर्डातल्या आठवणी टाइप करत होती, आणि पडद्यावरचा बाण सैरावैरा पळत होता. कंपनीतले दोनशे संगणक सांभाळणारा लेक तिच्यामागे येरझाऱ्या घालत होता.

"आई, तुझा हात थरथरतो. हे तुझ्या वयाचं काम नाही. उद्या हा संगणक मी उचलून नेतो, तू आपली वही घे."

तीस वर्षं तान्ह्या पोरांना सुया टोचणारा तो हात आईने माऊसवरून काढून मांडीवर ठेवला. बाण तरीही पळतच होता. मग तिने मागे वळून लेकाच्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं.



"अरे दोनशे संगणकांच्या धन्या, काल तूच या संगणकाला जोडलेला दुसरा, बिनवायरचा माऊस खिशात घालून फिरतोयस, तो आधी बंद कर."