हौदाजवळचा वाफा

बाटलीचं बूच निघालं आणि बापाचा चेहरा पडला. ओल्या मातीसारखा आंबूस वास यायला हवा होता. कसलाच वास आला नाही.

ही बाटली मुलीच्या हातची. घराच्या मागच्या खोलीत ती भाजीसाठी जिवाणूंचं खत तयार करायची. "बाबा, हे जिवंत असतं. ऊन लागलं की मेलंच," असं बजावायची. प्रत्येक बाटलीवर लिहायची, सावलीत ठेवा, लवकर वापरा. बाप चिडवायचा, "जे दिसत नाहीत त्यांना खाऊ घालतेस आणि समोर दिसतोय त्याला चहासुद्धा विचारत नाहीस." मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि होत्याचं नव्हतं झालं. मागे ही एवढी बाटली उरली.

तळहाताच्या फोडासारखी जपली त्याने ती. स्वयंपाकघरातल्या गार कोनाड्यात ठेवायचा, रोज कापडाने पुसायचा. टोमॅटोची लावणी चालली होती तेव्हा बायकोने हळूच विचारलं होतं, "ओतू या का?" तो तिच्या अंगावर खेकसला होता. "तिच्या हातचं एवढंच उरलंय." तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

त्या हंगामात हौदाजवळचा वाफा उठून दिसला. पानं गर्द, फळं लालबुंद. गिऱ्हाइकं तोच माल मागायची. "त्यातले चार घरात ठेवा ना," बायको दर तोड्याला म्हणायची. त्याचं उत्तरही ठरलेलं, "जाऊ दे सगळे बाजारात. मला कशाचीच चव लागत नाही." पाट्या भरून निघायच्या. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती दारात उभी राहायची.

हंगाम सरला होता आणि बाटलीवर तिने लिहिलेली मुदत आज संपत होती. वाया जाण्यापेक्षा मातीत जावं, म्हणून सकाळीच त्याने तो वाफा उपटून मोकळा केला, नवी रोपं आणून ठेवली आणि मन घट्ट करून बूच काढलं.

"मेलं गं सगळं," तो मटकन बांधावर बसला. "जपून जपून मीच मारलं."

बायको शेजारी येऊन बसली. "मेलं नाही. त्यात ते नव्हतंच. लावणीच्या दिवशीच मी ते या वाफ्यात ओतलं आणि बाटलीत गेरूचं पाणी भरून ठेवलं. तुम्ही ती पुसत बसायचात. सांगायला माझं तोंडच उघडेना."

त्याने समोरच्या उघड्या मातीकडे पाहिलं. मुलीच्या हातचं जे काही होतं, ते त्याने पाटी पाटी करून लोकांच्या घरी धाडलं होतं. स्वतःच्या ताटात एक फोड घेतली नव्हती. आणि उरलीसुरली झाडं आज त्यानेच मुळासकट काढून टाकली होती. बांधाच्या कडेला त्यांचा ढीग सुकत पडला होता.

तो उठला आणि ढिगात हात घालून चाचपू लागला. रडणं त्याला आवरत नव्हतं. अगदी तळाशी एक टोमॅटो हाताला लागला. बोराएवढा, हिरवागार. त्याने तो शर्टाला पुसला, मुठीत धरला आणि घरातल्या कोनाड्याकडे निघाला.

बायकोने त्याचं मनगट धरलं. "ठेवू नका," ती म्हणाली. "लवकर वापरा, असं लिहिलंय तिनं."

कच्चा, तुरट टोमॅटो दोघांनी तिथेच अर्धा अर्धा खाल्ला.