उरलेला जोड

"चोरीला काय गेलंय?" फौजदारबाईंनी विचारलं.

"गेलं काही नाही, पण ही देवळात शिरली ना!" देवस्थानचे अध्यक्ष भास्करराव ओरडले. "आत टाका हिला."

मिरवणुकीवरून दंगल झाली आणि गावाचे दोन तुकडे झाले. गावदेवीला बांगड्या भरायचा मान पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या विकणाऱ्या मुसलमान मणेरांचा. भरून उरलेला जोड शेजारी समई धरणाऱ्या सवाष्णीच्या हातात जायचा. यंदा भास्कररावांनी म्हाताऱ्या हुरमतबी मणेरणीला देऊळ बंद केलं आणि किल्ली स्वतःच्या घरी ठेवली. आज घटस्थापनेला त्यांनी स्वतः दार उघडलं, तर देवीचे दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले!

"भरल्या मीच, बाईसाहेब," भास्कररावांच्या ओसरीच्या कडेला बसलेली हुरमतबी म्हणाली. "सणाचं लेकीचे हात भुंडे ठिवू व्हय?"

"कुलूप शाबूत आहे. किल्ली कुणी दिली?"

हुरमतबीनं मान खाली घातली. "मला न्या कुठं न्यायचं तिथं. पर त्ये इचारू नगा."

तेवढ्यात भास्कररावांच्या पत्नी चहा घेऊन बाहेर आल्या. नवऱ्यापुढे कप धरताना पदर सरकला. मनगटावरच्या जुन्या, विटलेल्या बांगड्यांपुढे एक हिरवा जोड लखलखत होता.

भास्करराव बघतच राहिले. पत्नीनं हात मागे घेतला नाही. भास्कररावांनी कप अलगद दोन्ही हातांनी घेतला.

"मॅडम," त्यांचा आवाज पार खाली आला, "किल्ली मीच दिली होती. ध्यानातच राहिलं नाही."

मग बायकोकडे वळून म्हणाले, "अगं, हुरमतमावशींचा चहा कुठाय?"