चांदण्यांचा पडदा

“सगळे दिवे बंद करा, काका. शटरसुद्धा पूर्ण खाली,” धाकटी म्हणाली, आणि लाइटवाल्या काकांचं गोदाम भर दुपारी अंधारात गुडूप झालं.

“अगं, मला माझं पोट दिसेना,” अंधारातून मामा म्हणाला.

“ते नंतर बघ. आता समोर बघ.”

ताईच्या रिसेप्शनच्या दिव्यांचं खातं धाकटीकडे होतं. भांडून मिळवलेलं. आजवर घरच्या कार्यात तिच्या वाट्याला फार तर फुगे यायचे. मामाचं म्हणणं, दिव्यांत ठरवायचं काय असतं? चार कोपऱ्यांत चार हॅलोजन लावले की झालं. धाकटीच्या मते हॅलोजनखाली नवरी ऑपरेशनला आणल्यासारखी दिसते. हा वाद इतका पेटला की शेवटी आईने मध्ये पडून निकाल दिला. निवड धाकटीने करायची, पण ताईच्या सासूबाईंना दाखवून. रिसेप्शन त्यांच्याकडचं. त्यांना पसंत पडलं तर उत्तम, नाहीतर मामाचे हॅलोजन. आणि पुन्हा फुगे.

म्हणून आज सासूबाई, म्हणजे धाकटी ज्यांना काकू म्हणायची त्या, गोदामाच्या मधोमध खुर्चीवर बसल्या होत्या.

काकूंना ऐकू येत नाही. त्या हातांनी बोलतात, आणि एकदा सुरू झाल्या की ऐकत नाहीत. ताईचं लग्न ठरल्यापासून धाकटी त्यांची भाषा शिकत होती. ताईपेक्षा भरभर शिकली, हे ताईसुद्धा कबूल करायची. एकच खोड जात नव्हती. हात हलले की तोंडही सुरूच. मामाने तर शिकण्याची भानगडच ठेवली नव्हती. तो काकूंशी बोलताना नुसता आवाज चढवायचा.

येताना गाडीत मागच्या सीटवर दोघींची मैफल रंगली होती. ‘सगळे म्हणतात, आमचे हे घोरतात,’ काकू हातांनी म्हणाल्या होत्या. ‘मला तर इतक्या वर्षांत कधी त्रास झाला नाही.’ धाकटी हसून हसून सीटखाली गेली होती. अशा बाईंकडून पसंती मिळवणं म्हणजे हातचा मळ, असं तिला वाटलं होतं.

“लावा, काका.”

लाइटवाल्यांनी डिमरची खुंटी हळूच फिरवली. छतापासून जमिनीपर्यंत बारीक बारीक दिव्यांच्या माळा उजळल्या. उजळल्या म्हणजे नुसत्या जाग्या झाल्या. अख्खी भिंत चांदण्यांचा पडदा झाली, आणि बाकीचं गोदाम काळोखातच राहिलं.

“बरंय,” मामा म्हणाला. मामाच्या तोंडून ‘बरंय’ निघणं म्हणजे पदकच.

धाकटी टुणकन खुर्चीकडे वळली. “आवडलं, काकू?” तिने विचारलं, हातांनी आणि तोंडाने, दोन्हीकडून.

खुर्चीकडून काही नाही.

“हा पडदा स्टेजमागे. ताई इथून येणार, जिजू तिथून. मध्ये एकही मोठा दिवा नाही. आवडलं ना?”

तरी काही नाही. अंधारात काकूंच्या जागी नुसता एक काळा आकार होता.

धाकटीने लाइटवाल्यांना निळसर छटा लावायला सांगितली. मग त्याहून मंद. प्रत्येक वेळी ती काकूंकडे वळली, हात उडवून उडवून सगळं समजावलं आणि थांबली. गाडीत पोट धरून हसायला लावणाऱ्या काकू आता मूग गिळून बसल्या होत्या. घाईघाईत आपण हातांनी काही भलतंच तर बोलून बसलो नाही ना?

मामा तिच्या कानाशी आला. “विहीणबाईंना पसंत नाही वाटतं. वाईट वाटून घेऊ नकोस. मोठी माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत.”

“तू गप रे,” ती म्हणाली आणि लाइटवाल्यांकडे वळली. “काका, अजून थोडं कमी करता येईल? अजून नाजूक?”

“बाळा, याच्यापुढे बंदच.”

“मग आता माझं पण बघून घ्या,” मामा म्हणाला. भिंत चाचपता चाचपता त्याला बटण सापडलं आणि त्याने खटकन हॅलोजन लावला.

गोदाम पांढरंफटक झालं. वायरींची वेटोळी, शिडी, कोपऱ्यातली जळमटं, मामाचं पोट, सगळं एकदम अंगावर आलं. चांदण्या कुठल्या कुठे गेल्या.

काकू खुर्चीवर नव्हत्याच. त्या उठून दोन पावलं पुढे आल्या होत्या, मान ताणून अंधारात कुणाला तरी शोधत असल्यासारख्या. आणि त्यांचे हात चालू होते. नुकते सुरू झालेले नव्हेत. बोलून बोलून दमलेल्या माणसाचे असतात तसे.

धाकटीचे हात हवेतच राहिले.

“डोळे दिपले हो,” म्हणत लाइटवाले बटणाकडे निघाले.

“नको, काका. तो राहू दे.”

“बघ, मी काय म्हणत होतो,” मामा म्हणाला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

काकूंना धाकटी दिसली तसा त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी हात क्षणभर थांबवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, सावकाश, शिकाऊ माणसाला कळावं असं.

‘किती सुंदर आहे म्हणून मघापासून सांगतेय तुला,’ त्या म्हणाल्या, ‘पण तू अशी एकाएकी गप्प का झालीस?’