एक गोड, एक कडू

"आज नाही का तुझं टँव टँव?" बाबांनी दारातून विचारलं.

"आहे ना. बसतेच आहे."

"हं," म्हणून बाबांनी मोठा सुस्कारा सोडला आणि ते बाहेरच्या खोलीत गेले. त्यांची खुर्ची करकरली. रविवारची दुपार, म्हाताऱ्या माणसाला डोळा लागू द्यायचा नाही म्हणजे पापच, तिला वाटलं. तिने कीबोर्डचा आवाज आणखी बारीक केला.

चाल काही सुचत नव्हती. दातांच्या लॅबमध्ये आठवडाभर कवळ्या घडवून बोटं आखडली होती, नखांत प्लास्टर तसंच होतं. सहा दिवस दुसऱ्यांच्या तोंडात हसू बसवायचं आणि सातव्या दिवशी आपलं कुठे ठेवलंय ते शोधायचं.

नवऱ्याचं घर सोडून ती परत आली, तेव्हा बाबांनी काही विचारलं नव्हतं. पंख्याची खोली तिला दिली आणि आपलं अंथरूण बाहेर टाकलं. ती दिवसचे दिवस भिंतीकडे बघत बसायची. मग कुठूनसा तिला इंटरनेटवरचा तो कट्टा सापडला. तिच्यासारखेच हौशी लोक तिथे आपापल्या चाली टाकत. तिने 'दुपार' असं नाव घेतलं.

कट्ट्याचे नियम कडक होते. नुसतं 'वा, छान' लिहायचं नाही. एक गोड, एक कडू, म्हणजे एक गुण आणि एक दोष, दोन्ही सांगायचे. आणि लागोपाठ तीन चालींवर कुणीच काही लिहिलं नाही, तर तुमचं खातं बंद.

तिच्या पहिल्या दोन चालींना कुत्र्यानंही विचारलं नाही. जेवताना तिने बाबांना हे सगळं, कट्ट्याच्या नियमांसकट, सांगितलं आणि ताट तसंच सरकवलं.

"मशीनवर रुसून कुणी उपाशी राहतं का?" बाबा म्हणाले. जन्मभर घरोघर पाण्याचे मीटर वाचत हिंडलेला माणूस, त्याला संगीतातलं काय कळणार!

तिसऱ्या चालीवर मात्र उत्तर आलं. 'माई' नावाची नवी सभासद होती. "गोड: आवाज स्वच्छ आहे. कडू: जरा लांबली." बस, एवढंच. त्या रात्री ती दोन घास जास्त जेवली.

तेव्हापासून माईंचा रविवार कधी चुकला नाही. सुरुवातीला बिचकत लिहायच्या, मग हळूहळू खुलल्या. "अंतऱ्यात पंचमावर उगाच रेंगाळतेस, पोरी. तिथे काही विसरलीस का?" असं नेमकं बोट ठेवायच्या. गुडघे गेलेत, खोलीबाहेर पडत नाही, रविवारची वाट बघते, असंही एकदा त्यांनी लिहिलं होतं.

तिथेच ती अडकली. आताशा तिला चालींची गरज उरली नव्हती. लॅबमध्ये मैत्रिणी होत्या, घरी वेळेवर भूक लागत होती. रविवारी फक्त पालथं पडून झोपावंसं वाटायचं.

"मग सोड की," लॅबमधली प्लास्टरवाली म्हणाली होती.

"एका म्हातारीचा प्रश्न आहे गं."

"तुझी कोण लागते ती?"

"कुणीच नाही. म्हणून तर सोडवत नाही."

इकडे बाबाही थकत चालले होते. संध्याकाळी नेमाने छत्री घेऊन फिरायला जात आणि घामाघूम होऊन परत येत. कपडे धुताना त्यांच्या खिशात घशाच्या गोळ्या सापडत. चालून लोकांचे पाय दुखतात, यांचा घसा बसायचा! बाकावरच्या म्हाताऱ्यांशी राजकारणावरून भांडत असणार.

"एखाद्या दिवशी नाही गेलात तर चालणार नाही का?" तिने कालच विचारलं होतं.

"तुझं चालेल का, रविवारी नाही वाजवलंस तर?"

"माझं वेगळं आहे."

"माझंही वेगळंच आहे," म्हणत बाबा चपला घालून गेले होते.

आता तिने एक सूर दाबला. मग दुसरा. तिसऱ्यासाठी बोट उचललंच नाही. पुरे झालं, तिला वाटलं. तिने कीबोर्ड बंद केला, फोन घेतला आणि माईंना खाजगी निरोप लिहायला बसली. चार वेळा खोडला, पाचव्यांदा पाठवला.

"माई, रागावू नका. या चालींनी मला उभं केलं, आणि तुम्ही चालींना. पण आता थकले हो. रविवारी जरा झोपावं म्हणते. तुमचा विरंगुळा हिरावतेय, याचंच वाईट वाटतं. गुडघ्यांना जपा."

माईंनी वाचल्याची खूण लगेच उमटली. उत्तर मात्र येईना.

कुठल्याशा खोलीत एकटीच बसलेली ती बाई डोळे पुसत असेल का? सांगायलाच नको होतं. आणखी एखादं वर्ष रेटलं असतं तर काय बिघडलं असतं? 'माई, चुकले, विसरा ते' असं लिहायला तिने फोन पुन्हा हातात घेतला.

बाहेर खुर्ची करकरली. गॅलरीचं दार उघडलं. बाबांना फोनवर हळू बोलणं जन्मात कधी जमलं नव्हतं.

"हॅलो, मास्तर? उद्यापासून माझी गाण्याची शिकवणी बंद... नाही हो, घसा बरा आहे. पोरगीच थांबतेय, आपणहून! रविवारी झोपायचं म्हणते. झोपू दे बिचारीला... सुटलो बघा, मास्तर! माई आजपासून रिटायर."