शिल्लक पाणी

"चारला," नवरा म्हणाला. "पुढचं झाकणभर पाणी चारला."

दोन वाजले होते. वीस लीटरचा पाण्याचा कॅन गाडीच्या सावलीत होता आणि कॅनवर नवरा बसला होता. सावली आधी कॅनला, मग नवऱ्याला आणि उरलीच तर बायकोच्या वडिलांना, असा क्रम आपोआप लागला होता. खाणीवर नोकरी करणाऱ्या तिच्या भावाकडे वडिलांना पोचवायला निघाले होते तिघं. मागचा एक्सल काल सकाळी तुटला. तेव्हापासून चहूकडे माळ, दगड आणि हा कॅन.

तयारीत त्यानं काही कमी ठेवलं नव्हतं, हे बायकोलाही नाकारता येत नव्हतं. शिट्टी होती, आरसा होता, मेणबत्त्या होत्या. बॉनेट उघडं ठेवलेलं, एरियलला भडक लाल कापड बांधलेलं. काय वाटेल ते झालं तरी गाडी सोडायची नाही, हेही त्यानं बरोबरच सांगितलं होतं. निघण्याआधी घरच्या हॉलमध्ये सगळ्यांना सोफ्यावर ओळीनं बसवून त्यानं अडकण्याची तालीमसुद्धा घेतली होती. तालमीतही कुणाला पाणी मिळालं नव्हतं. पण तेव्हा स्वयंपाकघर चार पावलांवर होतं.

तीस वर्षं तो एका कारखान्याच्या स्टोअरचा मुख्य होता. वस्तू स्टोअरबाहेर गेली की त्याला दात उपटल्यासारखं व्हायचं. निरोपाच्या समारंभात साहेब म्हणाले, यांच्या काळात स्टोअर कधी रिकामं पडलं नाही. त्याच काळात सुट्या भागांअभावी कारखाना दोनदा बंद पडला, ते साहेबांनी सभ्यपणे गाळलं.

वडील मागच्या चाकाला टेकून बसले होते. सकाळी त्यांची जीभ शाबूत होती. "जावईबुवा," ते म्हणाले होते, "तुमच्यापेक्षा सलाइन बरं हो. थेंब का होईना, सारखे पडतात." आता ते गप्प होते. बायकोनं त्यांच्या कपाळाला हात लावला आणि पटकन मागे घेतला. कपाळ तव्यासारखं तापलं होतं, आणि कोरडं होतं.

"आईला म्हणावं, पंखा वाढव," वडील पुटपुटले.

आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

"अहो, अण्णा भलतंच बोलायला लागलेत. अंग भाजतंय त्यांचं, आणि घामाचा टिपूस नाही."

"चांगलं आहे," नवरा म्हणाला. "घाम नाही म्हणजे पाणी वाया जात नाही."

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांत ती त्याच्याकडे रागानं बघून झाली होती, कंटाळून बघून झाली होती, सवयीच्या मायेनंही बघून झाली होती. आता मात्र तिनं धुतलेल्या ताटात झुरळ दिसावं तसं पाहिलं.

"उठा."

"अगं, योजना आहे. माणशी रोज अर्धा लीटर. तेरा दिवस पुरतं."

"अण्णांना तेरा दिवस नकोत. एक ग्लास हवाय. आत्ता."

"आणि नंतर कुणी आलंच नाही तर?"

"तर रिकाम्या कॅनवर बसा. उठा म्हणते ना."

तो उठला नाही. तिनं कॅनचा कान धरला आणि हिसडा दिला. तीस वर्षं त्यानं भल्याभल्यांना दारातून परत पाठवलं होतं, पण बुडाखालूनच कुणी माल काढून नेला नव्हता. तो खडीवर दोन्ही पाय पसरून बसला आणि तक्रार करायला कुणी वरिष्ठ दिसतोय का, ते बघू लागला.

पहिला ग्लास अर्धा वडिलांच्या हनुवटीवरून गेला. दुसरा तिनं घोट घोट पाजला. मग टॉवेल भिजवून त्यांच्या डोक्यावर आणि मानेवर टाकला.

"डोक्यावर!" नवरा किंचाळला. "पिण्याचं पाणी डोक्यावर!"

"चालतं डोकं आहे ते. टिकवायला हवं."

त्यानं टाइप करून पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या सूचना तिनं उचलल्या आणि त्या पुठ्ठ्यानं वारा घालायला सुरुवात केली. वारा चांगला येत होता.

टॉवेल तीनदा भिजवून झाला, चौथा ग्लास संपला, तेव्हा वडिलांच्या कपाळावर घाम दिसला. त्यांनी डोळे उघडले.

"जावईबुवांनी दिलं?"

"नाही. मी घेतलं."

"मग ठीक. त्यांनी दिलं म्हणाली असतीस, तर मला वाटलं असतं मी गेलो."

तिनं एक ग्लास भरून नवऱ्यासमोर धरला. त्याचे ओठ उलले होते. त्यानं तोंड फिरवलं. "मी माझ्या वेळेला घेईन."

तो ग्लास ती प्यायली. सावकाश, त्याच्यासमोरच.

साडेतीनला धुरळा उठला. खाणीवर डिझेल नेणारा टँकर होता. ड्रायव्हर उतरला तो थेट वडिलांकडे गेला. त्यानं त्यांचं मनगट धरलं, डोळे पाहिले, मान हलवली. "वेळेवर पाणी दिलंत ताई. बाबा खणखणीत होतील."

नवरा कॅन उचलून मधे आला. "सकाळी अठरा लीटर होतं यात! आता बघा, जेमतेम तेरा. एका दुपारीत! सगळ्या योजनेची वाट लावली हिनं."

ड्रायव्हरनं कॅनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मागच्या वर्षी याच पट्ट्यात एक साहेब सापडले," तो म्हणाला. "नवव्या दिवशी. कॅनला मिठी मारून पडले होते. हात सोडवायला आम्ही चौघं लागलो. वीस लीटर पाणी होतं आत. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं."



"वीस?" नवऱ्यानं विचारलं. "पूर्ण वीस?"

दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या आवाजात कुणाबद्दल तरी आदर होता.