आधीचं दळण

महिनाभर गावी राहून परतलेल्या दक्षताने कोपरीच्या गिरणीत ज्वारीचा डबा पुढे केला, तर गिरणीवाला म्हणाला, "आज नको, ताई. आत्ताच गहू दळलाय." गहू पोटात गेला की तिचा मुलगा आजारी पडायचा. "मग तीन वर्षं कसं चाललं?" तिने विचारलं. "तुमच्याआधी आवडाबाईंचे तांदूळ असायचे. गिरणीत उरलेला गहू त्यांच्या पिठात उतरायचा. त्यांनीच ठरवलेलं. कुणाला सांगू नको म्हणायच्या. पंधरवड्यापूर्वी गेल्या." आवडाबाई म्हणजे ती! दर रविवारी रांगेत नेमकी दक्षताच्याच पुढे घुसणारी म्हातारी. गावी जाण्याआधी दक्षता तिला सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलली होती. तेवढ्यात आवडाबाईंची सून धापा टाकत आली आणि तांदळाचा डबा दक्षताच्या पुढे ठेवत म्हणाली, "तुला येताना खिडकीतून बघितलं. आई सांगून गेल्यात, भांडलीस तरी तुझ्याआधी आपलंच दळण लावायचं."